मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पिलाटेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूरो-फिजिओथेरपीच्या कामात मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मेंदू आणि मणक्यातल्या मज्जातंतूंचं आवरण खराब होण्याचा आजार) असलेली माणसं आणि त्यांच्या घरची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. एमएस दोन माणसांत सारखा नसतो, त्यामुळे प्रत्येक उत्तर प्रत्येकाला लागू पडणार नाही. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टने किंवा फिजिओथेरपिस्टने तुम्हाला तपासून काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका.

एमएसमध्ये व्यायाम करायचा असतो का? घरचे म्हणतात, पडून राहा, दगदग नको.

करायचा असतो. घरच्यांना दोष देता येत नाही, कारण एकेकाळी डॉक्टरही हेच सांगत. व्यायामाने अंग तापतं, अंग तापलं की पाय लुळे पडल्यासारखे होतात, म्हणजे व्यायामाने आजार वाढत असणार, असा तो तर्क होता. 1996 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी एमएस असलेल्या लोकांकडून 15 आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातापायांनी चालवायच्या सायकलसारख्या यंत्रावर व्यायाम करून घेतला. त्यांचा दमसास वाढला, ताकद वाढली आणि आजार वाढला नाही. त्यानंतर सल्ल्याची दिशाच बदलली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय एमएस सोसायटीने 2020 साली दिलेल्या शिफारशीत आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम किंवा अंगाची हालचाल असावी, असं म्हटलं आहे. अर्थात ज्याच्या त्याच्या क्षमतेप्रमाणे, आणि हळूहळू वाढवत नेऊन.

घरच्यांना एक गोष्ट मी आवर्जून सांगते. एमएसमध्ये कमजोरी दोन प्रकारची असते. एक मेंदू आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब झाल्यामुळे येते. दुसरी, भीतीने किंवा थकव्याने हालचाल कमी झाल्यामुळे स्नायू न वापरल्याने येते. पहिलीवर आमच्या हातात मर्यादित उपाय आहेत. दुसरी मात्र बऱ्याच अंशी भरून काढता येते. विश्रांतीच्या नावाखाली महिनोन्‌महिने पलंगावर काढले, तर ही दुसरी कमजोरी पहिलीच्या डोक्यावर बसते, आणि मग कुठली कशामुळे आली हे घरच्यांनाही कळेनासं होतं आणि आम्हालाही.

पिलाटेस म्हणजे नक्की काय? जिममधला प्रकार आहे का?

जोसेफ पिलाटेस हे माणसाचं नाव. 1883 साली जर्मनीत जन्म, लहानपणी दमा आणि मुडदूस, त्यामुळे शरीर कमावण्याचा ध्यास. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये असल्यामुळे शत्रू देशाचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत त्यांना ठेवलं होतं. तिथे अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांनी व्यायाम करून घेतला, असं सांगितलं जातं. पुढे 1926च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारासोबत स्टुडिओ काढला. तिथे नर्तक-नर्तिका दुखापतीनंतर सावरायला येऊ लागल्या आणि ही पद्धत पसरली.

त्यातली मुख्य कल्पना साधी आहे: पोट, कंबर, ओटीपोट आणि पाठीच्या खोल स्नायूंवर ताबा ठेवून, श्वासाच्या लयीत, सावकाश आणि नेमकी हालचाल करायची. किती वेळा केलं यापेक्षा कसं केलं याला महत्त्व. दवाखान्यात आम्ही जे शिकवतो त्याला क्लिनिकल पिलाटेस म्हणतात. मूळच्या अवघड व्यायामांचे तुकडे पाडून, सोपे करून, रुग्णाच्या तपासणीनुसार बसवलेले असतात. इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या पिलाटेसशी त्याचं नातं दूरचं आहे.

एमएसमध्ये पोटा-कमरेच्या व्यायामाचा काय संबंध? माझा तर पाय ओढला जातो.

उभं राहून समोरच्या फळीवरचा डबा काढायचा असेल, तर हात उचलण्याच्या क्षणभर आधी पोटाचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागतात. आपल्याला ते जाणवतही नाही. एमएसमध्ये ही आगाऊ तयारी उशिरा होते किंवा अपुरी पडते. मग माणूस तोल सावरायला खांदे ताठ करतो, गुडघा मागे लॉक करतो, भिंत धरतो. पाय ओढला जातो तो काही वेळा फक्त घोट्यातल्या कमजोरीमुळे नसतो. कमरेला आधार नसला की पाय पुढे टाकण्यासाठी आख्खं धड एका बाजूला कलंडवावं लागतं. अशी चाल संध्याकाळपर्यंत माणसाला पार दमवून टाकते.

म्हणून धडावरचा ताबा सुधारण्याचा प्रयत्न करायचा. पण यातून थेट 'पाय सुधारेल' असा निष्कर्ष काढू नका. त्याबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे, आणि ते उत्तर वगळू नका.

संशोधन काय सांगतं? खरंच उपयोग होतो का?

होतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही, आणि तो पिलाटेसचाच खास म्हणता येईल असाही नाही. तीन अभ्यास शेजारी ठेवून पाहिले तर चित्र स्पष्ट होतं.

कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठातला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. 30 लोक, 12 आठवडे. एका गटाला आठवड्यातून दोनदा पिलाटेस आणि एकदा मसाज, दुसऱ्याला फक्त मसाज. सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं हे मोजलं. पिलाटेसच्या गटाचं अंतर सरासरी 52 मीटरने वाढलं, मसाजच्या गटाचं 15 मीटरने. हा आकडा स्टुडिओवाले आनंदाने सांगतात.

इस्रायलमधल्या शेबा वैद्यकीय केंद्रात 45 लोकांवर अभ्यास झाला, तो 2017चा. तिथे एका गटाला पिलाटेस आणि दुसऱ्याला नेहमीची फिजिओथेरपी दिली. 12 आठवड्यांनी चालणं आणि तोल दोन्ही गटांत सुधारले. दोन गटांत फरक आढळला नाही.

तिसरा अभ्यास इंग्लंडमधला, प्लिमथ विद्यापीठातल्या जेनिफर फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा, 2016 सालचा. अनेक केंद्रांवर मिळून 100 चालते-फिरते रुग्ण, तीन गट: पिलाटेस, फिजिओथेरपिस्टने दिलेले नेहमीचे व्यायाम आणि फक्त रिलॅक्सेशन. चालण्याच्या वेगात पिलाटेसचा गट रिलॅक्सेशनच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. नेहमीच्या व्यायामांचा गट मात्र सुधारला.

हे वाचून निराश व्हायचं कारण नाही, पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. पिलाटेसची तुलना व्यायाम न करणाऱ्या गटाशी केली की ते कधी उजवं ठरतं, कधी नाही. चांगल्या फिजिओथेरपीशी केली की बरोबरीला येतं किंवा मागे पडतं. झोपून आणि बसून केलेल्या व्यायामाने त्या स्थितीतला ताबा वाढतो. चालणं सुधारायचं असेल तर उभं राहून, पावलं टाकून, चालूनच सराव करावा लागतो. मी पिलाटेस शिकवते, मनापासून शिकवते, तरी माझ्याकडच्या कुणालाही मी फक्त पिलाटेसवर ठेवत नाही. तुमचा शिक्षक तुम्हाला महिनोन्‌महिने चटईवरून उठूच देत नसेल, तर त्याला कारण विचारा.

मग करायचंच कशाला? सरळ चालायला जाऊ की.

चालायला जमत असेल तर जरूर जा. पिलाटेसचा उपयोग मला तीन ठिकाणी दिसतो. ज्यांना पडण्याची इतकी धास्ती आहे की उभ्याने व्यायाम म्हटलं की अंग आखडतं, त्यांच्यासाठी झोपून सुरुवात करणं सुरक्षित असतं. ज्यांची कंबर आणि खांदे चुकीच्या चालीमुळे सतत दुखतात, त्यांना आराम मिळतो. आणि रात्री कुशीवर वळणं, पलंगावरून उठून बसणं, कमोडवरून उभं राहणं या हालचाली धडाच्या ताकदीवरच चालतात. चालण्याचा वेग मोजणाऱ्या अभ्यासात त्या दिसत नाहीत. रात्री कूस बदलायला नवऱ्याला हाक मारावी लागणं आणि न लागणं, यातला फरक ज्याला माहीत आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

पिलाटेसने एमएस बरा होतो का? रिलॅप्स (आजार पुन्हा उसळणं) कमी होतात का?

एमएस बरा होत नाही, पिलाटेसने नाही आणि दुसऱ्या कुठल्याही व्यायामाने नाही. रिलॅप्स कमी करण्याचं काम औषधांचं आहे. 'व्यायामाने एवढं बरं वाटतंय तर इंजेक्शन बंद करू का' असं विचारणारे तरुण रुग्ण भेटतात. बंद करू नका. न्यूरॉलॉजिस्टशी बोलल्याशिवाय एक डोससुद्धा चुकवू नका.

व्यायाम करताना पाय जड होतात, नजर धूसर होते. आजार वाढतोय का?

सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं.

मायलिन गेलेल्या मज्जातंतूतून संदेश कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो अडखळू शकतो. मग जुनीच लक्षणं तात्पुरती उफाळून येतात: एका डोळ्याला धूसर, पायात शिसं भरल्यासारखं, बोटांना मुंग्या. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहॉफ यांनी 1890 साली हे नोंदवलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. एमआरआय नव्हता त्या काळी तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का हे पाहून एमएसचा अंदाज बांधत. अंग थंड झालं की लक्षणं जशी आली तशी जातात. मज्जातंतूचं नवं नुकसान यात होत नाही.

आपल्याकडे याचा विचार जास्त करावा लागतो. बादलीभर कढत पाण्याने आंघोळ करून लगेच चटईवर येऊ नका. आंघोळच पाय घालवते आणि दोष व्यायामाला जातो. कोमट पाणी घ्या, किंवा आंघोळ व्यायामानंतर करा. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत व्यायाम उरका. मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तिथे पंखा अंगावर हवाच. मानेभोवती ओला पंचा गुंडाळणं आणि मधेमधे गार पाण्याचे घोट घेणं हे दोन्ही साधे आहेत आणि दोन्हींचा उपयोग होतो. एक काळजी घ्या: ज्यांच्या पायाला स्पर्श नीट कळत नाही त्यांनी बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये.

नियम असा ठेवा. विश्रांतीनंतर तासाभरात लक्षणं पूर्ववत झाली, तर पुढच्या वेळी व्यायाम थोडा कमी करा आणि थंडावा वाढवा. दुसऱ्या दिवशीही अंग मोडून पडलं असेल, तर व्यायाम जास्तच झाला होता. आणि एखादं नवं लक्षण 24 तासांहून जास्त टिकलं, तर न्यूरॉलॉजिस्टला फोन करा. ताप किंवा लघवीचा संसर्ग आहे का हेही ते बघतील, कारण त्यानेही हुबेहूब रिलॅप्ससारखं चित्र उभं राहतं.

मला इतका थकवा असतो की व्यायामाला उठवतच नाही.

एमएसचा थकवा हा आळस नव्हे, आणि रात्रभर झोप झाली तरी तो येतो. हे आधी घरातल्या सगळ्यांनी मान्य करायला हवं. लोक म्हणतात, 'दिसतेस तर छान'. ते वाक्य किती लागतं हे मी ऐकलेलं आहे.

अर्ध्या तासाच्या सत्राचा आग्रह सोडा. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं चालतील. एक व्यायाम चार-पाच वेळा करा, मिनिटभर स्वस्थ पडा, मग पुढचा. पाय थरथरायला लागण्याच्या आधी थांबायचं, थरथरल्यावर नाही. ज्या दिवशी ऑफिस, बँक, लग्नकार्य असेल त्या दिवशी व्यायामाला सुट्टी दिली तरी काही बिघडत नाही. बाहेरगावाहून पाहुणे येणार म्हणून घर आवरायचं आणि त्याच दिवशी व्यायामही पुरा करायचा, हा हट्ट मात्र नको.

थकव्यामागे रक्त कमी असणं, थायरॉइड, झोप न लागणं, नैराश्य किंवा औषधांचा परिणामही असू शकतो. ते तपासून घ्या. सगळं एमएसच्या खात्यावर टाकू नका.

सुरुवातीला कोणते व्यायाम करतात? घरी काय लागतं?

घडी घातलेली सतरंजी, एक टॉवेल, एक भक्कम खुर्ची. मऊ गादीवर करू नका, त्यात कंबर रुतते आणि काहीच कळत नाही. जमिनीवर उतरणं जमत नसेल तर दिवाणावर सतरंजी घालून करा.

पहिला व्यायाम जवळजवळ सगळ्यांना मी एकच देते, म्हणून तो तपशिलात सांगते. उताणं झोपा, गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर. कमजोर पाय घसरत असेल तर त्याच्या तळव्याखाली रबरी मॅट ठेवा, किंवा घरच्या कुणीतरी आपलं पाऊल त्याला टेकवून धरावं. डोक्याखाली टॉवेलची घडी, हनुवटी ना छताकडे ना छातीकडे. आता एका हाताची बोटं कमरेच्या खोलगट भागाखाली सरकवा. नाकाने श्वास घ्या, बरगड्या दोन्ही बाजूंना फुलू द्या. मग तोंडाने सावकाश श्वास सोडत बेंबीखालचा भाग आत घ्या. बोटांवर कमरेचा हलका दाब आला पाहिजे. बोटं चिरडायची नाहीत. नितंब आवळले जात असतील, मान ताठ होत असेल किंवा श्वास अडकत असेल, तर जोर जास्त लागतोय. निम्मा करा. सुरुवातीला बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही आणि ते म्हणतात, 'हा कसला व्यायाम?' आठवडाभर द्या. शरीराच्या ज्या भागाकडून मेंदूला खबर कमी येते, तिथे लक्ष नेऊन पोचवणं हेच इथे काम आहे.

तो ताबा टिकवून पुढच्या पायऱ्या येतात. पायात मोजा घालून गुळगुळीत फरशीवर टाच पुढे सरकवायची आणि परत आणायची. मोज्यामुळे कमजोर पायालाही हे जमतं. मग कंबर थोडी वर उचलणं, कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं, हातगुडघ्यांवर येऊन आधी फक्त एक हात उचलणं. त्यानंतर स्टुलावर बसून बाजूच्या वस्तूपर्यंत पोचणं आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून उभ्याने टाचा उचलणं, एका पायावर भार देणं.

जमिनीवरून उठणं हाही व्यायामच समजून शिका: कुशीवर वळा, हातगुडघ्यांवर या, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात टेका, चांगला पाय पुढे ठेवून त्यावर उठा. खुर्ची भिंतीला टेकवलेली हवी. कधी घरात पडलात, तर हीच रीत कामी येते.

डोकं उचलताना पाठीतून वीज गेल्यासारखं होतं.

मान पुढे वाकवल्यावर मणक्यातून खाली करंट जातो, त्याला लेर्मिटचं लक्षण म्हणतात. मानेतल्या मज्जारज्जूवर एमएसचा डाग असला की असं होऊ शकतं. पिलाटेसमधले डोकं-खांदे उचलून करायचे व्यायाम, 'हंड्रेड' नावाचा प्रसिद्ध व्यायाम त्यातलाच, तुम्ही सोडून द्या. डोकं उशीवर टेकवून पोटाचं तेच काम होतं. हे लक्षण पहिल्यांदाच जाणवलं असेल तर डॉक्टरांना कळवा.

पाय ताठ होतात, झटके मारतात. अशात व्यायाम चालतो?

चालतो, आणि सावकाश हालचालीने ताठपणा बऱ्याचदा सैलावतो. झटका आला तर पायाशी झटापट करू नका. थांबा, गुडघा आधाराने वाकवून धरा, तो ओसरू द्या. जलद, धक्क्याचं स्ट्रेचिंग टाळा. ताठपणासाठी बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन घेत असाल तर गोळीची वेळ फिजिओथेरपिस्टला सांगा. गोळीनंतर काहींना मोकळं वाटतं, काहींना गुंगी येते आणि पाय इतके सैल पडतात की उभं राहता येत नाही. काही जण ताठपणाच्याच आधाराने उभे असतात. ताठपणा एकाएकी वाढला असेल तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पायाच्या बोटात रुतलेलं नख किंवा बसून झालेली जखम, यातलं काही आहे का ते आधी पाहा.

लघवी आवरत नाही म्हणून क्लासला जायला संकोच वाटतो.

हे फार जणांना असतं आणि फार थोडे बोलतात. क्लासच्या आधी जाऊन या, बाथरूमजवळची जागा मागून घ्या, आणि शिकवणाऱ्याला एका वाक्यात सांगून ठेवा. घोटभर पाणीही न पिता दिवस काढू नका. त्याने संसर्ग होतो, ताप येतो आणि सगळीच लक्षणं बिघडतात.

पिलाटेसमध्ये 'लघवी रोखल्यासारखे स्नायू आकसा' अशी सूचना देतात. घाई होणं, गळणं यात तिचा फायदा होऊ शकतो. पण एमएसमध्ये काहींची तक्रार उलटी असते: लघवी सुरूच होत नाही, पूर्ण होत नाही, कारण ते स्नायू सैल पडत नाहीत. त्यांनी हे आकसणं आपल्या मनाने करू नये, आधी तपासणी करून घ्यावी.

मी व्हीलचेअरवर आहे. माझ्यासाठी यात काही आहे का?

आहे, आणि माझ्या मते तुम्हाला उपयोग कदाचित जास्तच होईल. एडिंबरात व्हीलचेअर वापरणाऱ्या 15 जणांच्या छोट्या गटाने 12 आठवडे पिलाटेस केलं. त्याचे निष्कर्ष 2014 साली आले: बसल्या जागचा तोल सुधारला, खांदे आणि पाठ दुखणं कमी झालं. गट लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, तरी ज्या गोष्टी सुधारल्या त्या दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या रोजच्या गरजेच्या आहेत. बसून धड दोन्ही बाजूंना हलकं कलवणं आणि परत मध्यावर येणं, दोन्ही नितंबांवर भार समान आणणं, हात डोक्यावर नेताना पाठ न सोडणं, इथून सुरुवात होते. ब्रेक लावलेले, पाय जमिनीवर किंवा पाटावर पूर्ण टेकलेले, समोर कुणीतरी बसलेलं.

योगासनं करतो. ती सोडून पिलाटेस करू का?

सोडायचं काही कारण नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, ठोकळे, खुर्च्या वापरून ज्यांना आसनं जमत नाहीत त्यांनाही ती कशी देता येतील ते दाखवून दिलं. अशा आधाराने योग शिकवणारे शिक्षक तुमच्या गावात असतील आणि पिलाटेस पन्नास किलोमीटरवर असेल, तर योगच करा. तापवलेल्या खोलीतला योग, श्वास रोखून धरणं आणि बंद डोळ्यांनी उभ्याने तोल सांभाळण्याची आसनं मात्र टाळा. पायाची जाणीव कमी असताना तोल बराचसा डोळ्यांवर चालतो.

रिफॉर्मर मशीन (स्प्रिंगा आणि सरकती गादी असलेलं पिलाटेसचं यंत्र) लागतंच का?

नाही. स्प्रिंगांमुळे कमजोर पायाला उचलून धरता येतं, हा त्याचा फायदा. पण सरकत्या गादीवर चढणं-उतरणं हेच एमएसमध्ये पडण्याचं ठिकाण आहे, आणि हातपाय कापत असतील तर जास्तच. पैसे मोजून मशीनवर गटात करण्यापेक्षा तेवढ्यात फिजिओथेरपिस्टकडे चार वैयक्तिक सत्रं घ्या आणि घरी चटईवर सराव करा.

कोणाकडे शिकावं?

न्यूरॉलॉजिकल रुग्णांचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे, ज्याने पिलाटेसचं प्रशिक्षण घेतलं आहे. 2000 साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने 'पिलाटेस' हे एका कंपनीच्या मालकीचं नाव नाही, व्यायामपद्धतीचं सर्वसाधारण नाव आहे, असा निकाल दिला. त्यामुळे कुणीही आपल्या क्लासवर ही पाटी लावू शकतो. पहिल्या भेटीत तुम्हाला चालवून, बसवून, उठवून न पाहता कुणी थेट गटात उभं करत असेल, तर तिथून परत या. पायाचा पंजा खाली पडतो का, शेवटचं पडणं कधी झालं, कोणतं औषध सुरू आहे, उन्हाचा त्रास होतो का, हे प्रश्न तुम्हाला विचारले गेलेच पाहिजेत.

जाताना मागे पट्टा असलेली सँडल घाला. नुसती सपाट चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 पासून काम करते. मुंबई आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत. योग्य फिजिओथेरपिस्टचा पत्ता, समुपदेशन, इतर रुग्णांची ओळख यासाठी तिथे संपर्क साधा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा नावानिशी समावेश आहे, हेही अनेकांना माहीत नसतं. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) अर्ज करता येतो.

रिलॅप्स आला तर? स्टिरॉइड सुरू असताना?

सक्रिय रिलॅप्समध्ये नवे व्यायाम नाहीत, जोर नाही. शिरेतून स्टिरॉइड सहसा तीन ते पाच दिवस देतात. त्या दिवसांत झोप उडते आणि अंगात खोटी तरतरी येते, तिला भुलू नका. सांधे आखडू नयेत म्हणून हलकी हालचाल, श्वासाचे व्यायाम आणि कूस बदलणं तेवढं चालू ठेवा. लक्षणं स्थिरावली की पुन्हा तपासणी करून सुरुवात करायची, आणि ती आधी सोडली होती तिथून नाही, पहिल्या पायरीपासून. वारंवार स्टिरॉइड घेतलं असेल तर हाडं ठिसूळ झाली आहेत का ते विचारून घ्या. तसं असेल तर कंबर गोल करून पुढे वाकण्याचे व्यायाम बंद.

तीन महिने झाले, काही फरक कळत नाही. सोडून देऊ का?

आधी मोजलं होतं का? खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, ही साधी चाचणी घरच्या कुणी मोबाइलच्या घड्याळावर लावून तारखेसकट लिहून ठेवावी. दर महिन्याला, त्याच वेळी, त्याच खुर्चीवरून. त्यासोबत तुम्हाला हवी असलेली एकच गोष्ट लिहा: एसटीची पायरी चढणं, उभ्याने पोळ्या लाटणं, रात्री एकटीने कूस बदलणं. काय हवं होतं हे ठरलेलं नसेल तर फरक पडला की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.

एमएसमध्ये आकडा तसाच राहणं हीसुद्धा काही वेळा कमाई असते, विशेषतः आजार सावकाश वाढत जाण्याच्या टप्प्यात. पण ती गोष्ट तीन महिन्यांत जवळही आली नसेल, तर फिजिओथेरपिस्टला घेऊन बसा आणि व्यायाम बदला. पायरी चढायची असेल तर पायरीवरच सराव, कठड्याला धरून, मागे माणूस उभा करून. पिलाटेस त्यासाठी कमी केलं किंवा बंद केलं तरी चालेल.